आत्या माझ्याशी ‘शुद्ध’ बोलायची

आत्या भेटेल त्याच्याशी बोलायची. एसटीत चढताना कंडक्टरला म्हणायची, “मास्तर, जरा दमानं. मी काय कोकरू हाय व्हय, टुणकन उडी मारायला?” अख्खी गाडी हसायची. आमच्या गावी, डाळजला, मेंढरं विकून शेती सुरू झाली, तरी तिने दोन शेळ्या ठेवल्याच होत्या. एखादी बांधापलीकडे गेली की हिची हाक, “आगं भवाने, सासर घावलं का तितं?”

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील लोणी देवकरला कारखान्यात पाळीवर. मला वाढवलं ते आत्यानेच.

आठवीत मला बारामतीच्या शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी मी ‘न्हाय’ म्हणाले आणि वर्ग हसला. महिन्याभरात मी ‘आहे’, ‘नाही’ घोटून घेतलं. मग पालकसभा आली. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. फाटकातच मी तिला बजावलं, “आत काही बोलू नकोस.”

“का गं?”

“तुझं बोलणं गावंढळ आहे.”

बाई विचारतील त्याला ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी बाईंनी मला हळूच विचारलं, “यांना बोलता येत नाही का?”

मी म्हणाले, “नाही.”

आत्याने ते ऐकलं. त्यालाही तिने मान हलवली.

त्यावरून ती मला कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासून माझ्याशी ती शाळेतलं बोलू लागली. “जेवण झालं आहे का?” “अभ्यास केला आहे का?” पुढचा शब्द चुकेल असं वाटलं की वाक्य तिथेच सोडून द्यायची. मी पुण्याला नोकरीला लागले, तेव्हा फोनवरचं आमचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. एकदा न राहवून मी म्हणाले, “आत्या, पूर्वीसारखं बोल ना.”

“आता सवय झाली आहे,” ती म्हणाली.

गेल्या वर्षी ती गेली. दहाव्याला जमलेल्या बायका तिची बोलणी आठवून हसत होत्या, मधेच डोळ्यांना पदर लावत होत्या. या इतक्या वर्षांत खुरपताना ती काय काय रचून सांगायची, कुणाचं भांडण कसं हसवून मिटवलं. त्यातलं एकही वाक्य माझ्या कानांवर आलेलं नव्हतं.

शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, “तुज्यासंगं तर दिसभर बोलत आसंल गं.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“व्हय,” मी म्हणाले.