झाडानं कुणाला विचारायचं

आमच्या आईच्या अंगात कळमजाई यायची. ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडं देवीचं झाड म्हणतात. घरात झाड असलं म्हणजे काय असतं, ते आम्हा पोरांना विचारा. मंगळवारी भाकरी होईपर्यंत ती आमची आई असायची, चुलीपाशी बसून आमच्यावर खेकसायची. मग डोक्यावरून अंघोळ करून ती पाटावर बसायची, वडील ऊद घालायचे, आणि एकदा का तिचा अंबाडा सुटला की तीच बाई साऱ्या गावाची आई व्हायची. एरवी नवऱ्याचं नावही न घेणारी ती, त्यांना खुशाल 'लेकरा' म्हणायची आणि ते मुकाट पाया पडायचे. मला त्याचं लई हसू यायचं.

डिंभ्याकडच्या वाड्यांवरून माणसं यायची. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची लेक नांदत नव्हती. वारं उतरलं की आईला मात्र काहीच आठवायचं नाही. तांब्याभर पाणी पिऊन ती आम्हालाच विचारायची, "काय म्हणली गं देवी?"

थोरला भाऊ दहावीला नापास झाला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं घोडेगावला म्हणून गेला तो गेलाच. वडील पार भोसरीपर्यंत सारं पालथं घालून आले. कुणी म्हणायचं सुरतेला दिसला, कुणी म्हणायचं ट्रकवर क्लीनर आहे. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? साऱ्या गावानं आपली हरवलेली गुरं आईच्या तोंडून शोधून घेतली होती. तिचं स्वतःचं पोरगं हरवलं तेव्हा तिला विचारायची सोय नव्हती, कारण देवी यायची तेव्हा आई तिथं नसायची. आणि वडिलांचा धीर होत नव्हता.

शेवटी गोठ्यात शेण भरताना तिनं मला गाठलं. "मंगळवारी तू इचार. माझं पोरगं हाय का, येवढंच इचार."

मी विचारलं. कपाळभर मळवट भरलेला तो चेहरा माझ्याकडं वळला आणि देवीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शब्द एक नाही. कुणाच्याही प्रश्नाला देवी रडलेली मी पाहिली नव्हती. वारं उतरल्यावर आईनं तोंड पुसलं, पदर ओला झालेला बघितला.

"काय म्हणली?"

"काय नाय म्हणली. नुसती रडली."

"बरं," म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला गेली.

पुढं घरात टीव्ही आला, फोन आला. फोन वाजला की आम्ही सगळे धावायचो. आई जागची हलायची नाही. मला तिचा भारी राग यायचा. आईचं काळीज म्हणतात ते हेच का, असं वाटायचं.

मग तिचे गुडघे गेले, वारं यायचं थांबलं, आणि एका नवरात्रात धाकट्या भावाची बायको घुमायला लागली. झाड बदललं. वहिनी गुणाची, पण थोरल्याला तिनं पाहिलेलंही नव्हतं. तरी मी हरखले, कारण आता आईला स्वतः विचारता येणार होतं. मीच तिच्या मागं लागले. पुनवेला आई नारळ घेऊन जन्मात पहिल्यांदा पाटाच्या समोर बसली.

"माझं थोरलं येईल का, माये?"

"येईल, लेकरा. दिवाळीच्या आत उंबऱ्याशी येईल," देवी वहिनीच्या तोंडून चटकन म्हणाली. वडील दारात उभे होते, त्यांनी तिथूनच हात जोडले. धाकट्यानं डोळे पुसले. मी तर मनातल्या मनात करंज्या तळायला घेतल्या.

आईनं नमस्कार केला, नारळ ठेवला, वहिनीच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला आणि ओट्यावर जाऊन बसली.

"येणार म्हणली की गं," मी म्हणाले.

"पोर मायाळू हाय. आपलं हाल बघवत न्हाईत तिला." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्यात आली तवा देवी रडली व्हती ना? तूच सांगितलंस. त्याच दिशी समजलं मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी वाट बघत व्हता की."

मला हुंदका आवरेना. ती आपली माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दिवाळी गेली. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवतात. आई मला घेऊन घोडेगावच्या सोनाराकडं गेली. सोनारानं तयार टाकांचा डबा उघडला आणि पागोटंवाला एक बाप्या तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उजेडाला धरला.

"मिशा नकोत," आई म्हणाली. "त्याला मिसरूड फुटायचं व्हतं."

सोनारानं डबा उपसला. बिनमिशांचा त्यात एकही नव्हता.

"मग नवा करा," ती म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकली. "आमी बसतो. आता कशाची घाई न्हाई."