पाहुण्यांचं पाणी

“मॅडम, तुमच्याकडे पाणी पास होतं आणि माझ्याकडे मुलं सलाईनवर येतात. हे कसं काय?”

फोनवर उपकेंद्राच्या सिस्टर होत्या. पेठ तालुक्यातला डोंगरातला एक पाडा, पस्तीसेक घरं, प्यायला एकच झरा. पावसाळा सुरू झाल्यापासून तिथली चार लहान मुलं जुलाबाने आजारी पडली होती. आणि मी नाशिकच्या प्रयोगशाळेत बसून त्याच झऱ्याच्या पाण्याला दोनदा ‘पिण्यास योग्य’ असा शेरा दिला होता.

“पाणी स्वच्छ आहे, सिस्टर. लोक हात धुतात का ते बघा,” असं मी त्यांना ऐकवलं. त्याची आजही लाज वाटते.

आमचं काम तसं सोपं. पाण्यात क्षार किती ते बघायचं आणि जंतू आहेत का ते बघायचं. जंतूही सगळे नाहीत, माणसाच्या आणि जनावराच्या पोटात राहणारे. ते सापडले, की कुठेतरी घाण मिसळते आहे हे नक्की. त्यासाठी आम्ही गावाला निर्जंतुक केलेली बाटली देतो. ती विसळायची नाही, तिच्या तोंडाला बोट लावायचं नाही, भरली की बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी आमच्याकडे पोचवायची.

तिसरा नमुनाही स्वच्छ निघाला. साहेबांनी फाइल पुढे सरकवली. “झऱ्याला बंदिस्त टाकी आणि कुंपण करायचा प्रस्ताव आहे. पाणी तीनदा पास आहे, मग टाकी कशाला? शेरा मारा, फाइल बंद करू.”

मी मारलाही असता. पण रिझल्ट खटकत होता. उघडा झरा, वरून पावसाचं पाणी, पालापाचोळा, बेडूक, आणि एकही जंतू नाही? पावसाळ्यात इतकं सोवळं पाणी मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

“साहेब, एकदा जाऊन येते.”

“गाडी नाही.”

“एसटीने जाते.”

“मग विचारता कशाला?”

पाड्यावर नमुने घ्यायचं काम सोनीबाईंकडे होतं. ग्रामपंचायतीने त्यांना जलसुरक्षक नेमलं होतं. खरं सांगायचं तर माझा संशय त्यांच्यावरच होता. चढ नको म्हणून बाई कुठल्यातरी हातपंपावर बाटली भरत असणार, असं मनात धरूनच मी गेले होते. विचारलंही तसंच, फौजदारासारखं.

“झिऱ्याचंच पानी हाय, मॅडम,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पायजे तर दावते. आधी पानी तर घ्या.”

मी बाहेरचं पाणी पीत नाही. पाणी तपासणाऱ्याला ही खोड लागतेच. पण त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी पुढे केला होता. एक घोट घेतला. पाण्याला किंचित धातूची चव होती. कोपऱ्यात पाहिलं, तर फळीवर तांब्याची कळशी, चिंचेने घासून लख्ख केलेली. खाली जमिनीवर ॲल्युमिनियमचे दोन हंडे. सोनीबाईंचा नातू उठला आणि हंड्यातून पेला भरून प्यायला. आजारी पडलेल्या चौघांतला तो एक. सलाईन काढून दोनच दिवस झाले होते, पाय नुसते काडीसारखे.

“हे पाणी वेगळं आहे का?”

“पानी येकच. कळशीतलं पाव्हन्याला. रातभर ठिवलं का गोड लागतं. आमाला हंड्यातलं.”

“आणि आमच्या बाटलीत कुठलं भरता?”

हे काय विचारणं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाटली न्यायची यश्टी सकाळी सातला येती. पावसात झिऱ्यावरून पळत येनं व्हत नाय. म्हून आदल्या सांजंला आनून कळशीत ठिवते, सकाळी बाटली भरते. तुमच्या हापिसात जायचं पानी, ते हंड्यात ठिवू का?”

 तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातले जंतू मरतात. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. तिन्ही वेळा आम्ही झरा तपासलाच नव्हता, सोनीबाईंची कळशी तपासली होती. फॉर्मवर सगळं खरं होतं. ठिकाण खरं, बाटली भरल्याची वेळ खरी. पाणी रात्री कुठे होतं, याला रकानाच नव्हता.

मी हे समजावून सांगितलं, तशा त्या नातवाकडे बघत राहिल्या. “म्हंजी माज्यामुळं झालं का, मॅडम?”

“नाही. विचारायचं आमच्याकडून राहिलं.”

मग आम्ही झऱ्यावर गेलो. वरच्या बाजूला जनावरांची वाट होती. पावसाने शेण धुऊन थेट झऱ्यात येत होतं. मी दोन छोट्या बाटल्या भरल्या. या बाटल्यांत औषध असतं, घाण पाणी असलं की ते काळं पडतं. एकीत झऱ्याचं पाणी घेतलं, दुसरीत घरी परतल्यावर कळशीतलं. घरोघरी क्लोरीनचे थेंब टाकायची सोय सिस्टरांनी त्याच संध्याकाळी केली.

दोन दिवसांनी दोन्ही बाटल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. एक स्वच्छ, एक शाईसारखी काळी.

“यातलं त्या पाड्याचं पाणी कुठलं?”

“दोन्ही, साहेब. स्वच्छ आहे ते पाहुण्यांना देतात.”

 प्रस्तावावर साहेबांची सही त्याच दिवशी झाली. मीही माझे तिन्ही शेरे रद्द केल्याचं पत्र लावलं. वरून त्याबद्दल मला खुलासा विचारला गेला, तो दिला.

टाकी आणि कुंपण उन्हाळ्यात पूर्ण झालं. पुढच्या पावसाळ्यात मी नमुना घ्यायला स्वतः गेले. सोनीबाईंनी तांब्या उचलला आणि हंड्यात बुडवला. कळशी फळीवर होती, तशीच लख्ख.

“आज कळशीतलं नाही?”

“आता तुमी काय पाव्हन्या ऱ्हायल्या?”

मी तांब्या रिकामा केला. त्या पावसाळ्यात सिस्टरांचा फोन आला नाही.

साहेब माणसाला लोक चांगलंच पाणी देतात. तपासायचं असेल, तर पोरं पितात ते मागायचं.