उतारावरचा मेट्रोनोम

पोलीस बँडच्या पहिल्या भरतीत परीक्षकांनी मला मध्येच थांबवलं. साताऱ्याची भरती होती, क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची जागा होती. "बोटं चांगली आहेत," ते म्हणाले, "पण तुम्ही पळता. बँड मागं राहतो आणि तुम्ही एकट्याच पुढं जाऊन पोचता." दार उघडंच होतं. बाहेर रांगेत बसलेल्या पोरांनी ते ऐकलं, आणि मी क्लॅरिनेट पेटीत घालून बाहेर आले तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते.

क्लॅरिनेट मला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. वडूजच्या एका लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी अर्धं आयुष्य वाजवलं. मग डीजे आला आणि बँड बंद पडला. त्यानंतर मोटारसायकलवरून पडून त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड त्याच दातांना टेकवून धरावं लागतं. कवळी लावून त्यांनी बघितलं, पण कवळी हलायची आणि सूर फाटायचा. एक दिवस त्यांनी वाद्य पुसून माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर निघून गेले. तोवर मी त्यांच्याबरोबर जयंतीच्या मिरवणुकीत, वराती-बिरातीत वाजवत होते. तिथं पुढं ढोलवाला असतो. तो नेईल तसं जायचं. माझ्या स्वतःच्या अंगात लय आहे की नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

साधी पोलीस भरती मी दोनदा दिली होती, दोन्ही वेळा लेखीत नापास झाले. आता सांगलीची बँडची भरती निघाली होती आणि माझ्या वयाला ती शेवटचीच होती. मामा घरी येऊन माझ्या लग्नासाठी एक ठिकाण सांगून गेला होता. त्या दिवसापासून आई कामावर जाताना माझ्याकडं बघायची आणि दार ओढून घ्यायची. मला झोप लागली तरी स्वप्नात फॉर्मची शेवटची तारीख दिसायची.

साताऱ्यात मिलिटरी बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. गाव पाटणकडचं. शिकवतात असं कळलं म्हणून मी गेले. त्यांनी माझा एक मार्च ऐकला आणि विचारलं, "कोण मागं लागलंय तुझ्या?"

"भरती, सर," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी एक लाकडी वस्तू आणली. हातभर उंच नसेल, खाली रुंद, वर निमुळती. बाजूला चावी. पुढचं झाकण काढलं की आत एक उभा दांडा आणि त्याच्यावर सरकणारं वजन. चावी दिली आणि दांडा सोडला की तो डावीकडं-उजवीकडं हलायचा, टक, टक. वजन वर सरकवलं की सावकाश, खाली आणलं की भरभर. मेट्रोनोम. मी तोवर मोबाईलमधला वापरून बघितला होता, पण क्लॅरिनेटच्या आवाजात तो बुडायचा, आणि कानात वायर घातली की माझं मलाच ऐकू यायचं नाही. सर म्हणाले, "मोबाईल बंद. ह्याचा दांडा दिसतो. कान चुकला तर डोळा सांगतो. साठावर सुरू कर, मिनिटाला साठ ठोके. मार्च एकशेवीसचा हाय, पर तिथं जायची घाई न्हाई. रोज चार तास."

दुसऱ्या आठवड्यात ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं पुण्याला जाणार होते. तीन महिन्यांनी भेटू म्हणाले. मेट्रोनोम माझ्याकडं दिला, परत आणून दे म्हणाले. एसटीत मी तो मांडीवर धरून बसले. औंधच्या फाट्यापाशी गाडी उडाली तेव्हा आत काहीतरी खणकलं आणि मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

आमचं घर वडूजला बुद्धविहारामागं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आप्पांची खाट आणि कपाट. मी मागच्या खोलीत बसायचे, चुलीच्या बाजूला, फरशीवर. समोर मेट्रोनोम. तो पहिल्यांदा चालू केला तेव्हा आप्पा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "बाय, हे घड्याळ जरा..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "आप्पा, मशीन आहे ते. मिलिटरीतलं. तुमाला काय कळतंय त्यातलं? तुमच्या ढोलवाल्यानंच माझी वाट लावली."

असंच बोलले मी. शब्द न् शब्द आठवतो. आप्पा "बरं" म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. पुढं तीन महिने त्यांनी मेट्रोनोमबद्दल तोंड उघडलं नाही. फक्त मी वाजवायला बसले की ते उठून विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. मला वाटायचं, कंटाळतात.

मी चारचे सहा तास केले. सकाळी आई कामावर गेली की चावी द्यायची. वीसेक मिनिटांनी दांडा दमायचा, आवाज बारीक व्हायचा, पुन्हा चावी. ओठ आतून सोलले होते, भाकरी खाताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. साठावरून सत्तर, सत्तरावरून ऐंशी. शेवटी एकशेवीस. आता मी पळत नव्हते. दांड्याच्या प्रत्येक टोल्यावर माझं बोट पडत होतं. त्या काळात मी खूश होते असं म्हणणार नाही, पण भीती थोडी मागं सरकली होती.

चाचणीला नऊ दिवस राहिले असताना सर पुण्याहून परत आले. मी मेट्रोनोम घेऊन साताऱ्याला गेले. ते काठी टेकत अंगणात आले, खुर्चीवर बसले. "वाजव," म्हणाले. "आणि वाजवता वाजवता जागेवर पाय उचल. मार्च हाय."

मी वाजवायला लागले. दहा-बारा पावलांतच त्यांनी हात वर केला.

"लंगडतंय."

मी क्लॅरिनेट खाली केलं.

"एक पाऊल लांब पडतंय, एक आखूड. ह्याच्यावर प्लाटून चालवली तर निम्मी लंगडत जाईल. हे कुठनं शिकलीस?"

मी म्हणाले, मी रोज ह्याच मेट्रोनोमवर वाजवते. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, टेबलावर ठेवला, चावी दिली. मी वाजवलं आणि दुसऱ्याच ओळीत अडखळले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. मेट्रोनोम माझ्या ओळखीचा राहिला नव्हता.

"घरी कुठं ठेवतीस?"

"फरशीवर."

त्यांनी टेबलावरची एक वही उचलली आणि मेट्रोनोमच्या एका बाजूखाली सरकवली. आवाज बदलला. टक... टक-टक... टक-टक... एक अंतर मोठं, एक लहान. तोच. तीन महिने रोज ऐकलेला माझा मेट्रोनोम.

"फरशीला उतार हाय तुझ्या," सर म्हणाले. "मोरीकडं असंल. हे सपाटीवर ठिवायचं असतंय गं. मी सांगायला पाहिजे हुतं. माझं चुकलं."

मोरीकडं उतार असतोच. नाहीतर पाणी जाणार कसं? त्या खोलीत मी लहानाची मोठी झाले, सांडलेलं पाणी कुठं धावतं हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. मी अंगणात उकिडवी बसले. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला. सरांच्या पत्नी आतून पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

"नऊ दिवस हायत," सर म्हणाले. "रडायला एक दे. आठ उरतात."

घरी आले तेव्हा आप्पा एकटेच होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग खाली बघून म्हणाले, "मला पयल्याच दिवशी वाटलं हुतं."

"काय वाटलं होतं?"

"की त्यो लंगडतोय. मी सांगायला आलो हुतो. तू म्हणालीस मशीन हाय. मग मी म्हटलं, मशीन कसं चुकंल? मिलिट्रीतलं. माझंच कान गेलं आसतील दातासंगट." पुढं म्हणाले, "आयकवत नव्हतं गं. म्हणून भायेर जाऊन बसायचो."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडता आलं नाही. मी फक्त विचारलं, "आता काय करू, आप्पा?"

त्यांनी पत्र्याची पेटी खाटेखालून ओढली, उलटी केली आणि तळहातानं तिच्यावर मारायला लागले. मेट्रोनोमही पुढच्या खोलीत कपाटावर ठेवला, बशीत पाणी घेऊन सपाटी बघितली, पण तो चालू झाला की माझं अंग जुन्याच चालीनं लंगडायचं. आप्पांच्या हातावर तसं होत नव्हतं. आठ दिवस ते मारत राहिले. मी चुकले तरी मारायचं थांबवत नसत, नुसती मान हलवत. पाचव्या दिवशी तळवा सुजला. आईनं हळद लावून फडकं बांधलं, तर डाव्या हातानं सुरू केलं. "आप्पा, बास," मी म्हणाले. "तू वाजव," ते म्हणाले. सातव्या दिवशी मला चाळीसेक पावलं सरळ जाता आलं. तेवढीच. मग कुठूनतरी ते आखूड पाऊल यायचंच.

सांगलीला आम्ही दोघं गेलो. विटा, तासगाव करत पहाटेची गाडी दहाच्या आत पोचली. आप्पांना फाटकाच्या आत सोडलं नाही. ते रस्त्यापलीकडं रसवंतीच्या बाकावर बसले, फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवून.

आत तिघं परीक्षक होते. पहिली चाल मी नीट वाजवली. मला ते कळत होतं, त्यांच्यातल्या एकाचा बूट टेबलाखाली माझ्याबरोबर हलत होता. मग त्यांनी मार्च मागितला. अर्ध्यावर आले आणि तो बूट थांबला. मी तो थांबलेला बघितला आणि मीही थांबले. थांबायचं नसतं. चुकलं तरी पुढं जायचं असतं, हे बँडमधल्या पोरालाही ठाऊक असतं.

"परत सुरू करू का, सर?"

"नको. झालं तुमचं. पुढच्याला पाठवा."

बाहेर आले. आप्पांनी बाकावर सरकून जागा केली. त्यांनी उसाचा रस सांगितला होता, त्यातला बर्फ विरघळून गेला होता. मी तो प्यायले. विट्याला गाडी बदलताना ते म्हणाले, "मी तवा बोलायला पाहिजे हुतं." मी म्हणाले, "मी बोलू दिलं नाही." त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवावं एवढंच मला हवं होतं, पण मधे क्लॅरिनेटची पेटी होती.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. महिनाभर मी मागच्या खोलीतून हलले नाही म्हटलं तरी चालेल. आई ताट आणून ठेवायची आणि घेऊन जायची. मेट्रोनोम आप्पांनीच साताऱ्याला नेऊन दिला. सरांनी चहा पाजला एवढंच त्यांनी सांगितलं. मामा पुन्हा येऊन गेला, त्याला आईनं दारातूनच वाटेला लावलं.

आता मी साताऱ्यात स्टँडजवळ एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरते. खोली घेऊन राहते, आठवड्याला घरी जाते. क्लॅरिनेट वडूजलाच आहे, अजून उघडलेलं नाही. दुकानात भरतीचा मोसम असला की पोरींची रांग लागते. परवा खटावकडची एक आली. फोटो, सही, जातीचा दाखला, सगळं पिशवीत नीट लावून आणलं होतं तिनं. जन्मतारीख सांगितली. मी टाकली, वय आपोआप खाली उमटलं, सांगलीच्या वेळी माझं होतं तेवढंच, आणि माझं बोट तिथंच राहिलं.

"ताई, काय चुकलं का?" तिनं घाबरून विचारलं.

"न्हाई गं," मी म्हणाले. "पत्ता सांग."