गंगूची हजेरी

चौसाळ्याजवळ मेंढरांनी आमची एसटी अडवली. खिडकीतून लोकरीचा उग्र वास आला आणि मी शिकवलेल्या पहिल्या शाळेतली गंगू आठवली. तिच्या कपड्यांना हाच वास असायचा.

दिवाळीनंतर तिचं बिऱ्हाड मेंढरांमागं गेलं. तरी हजेरीत तिचं नाव घेतलं की शेजारची सुमन म्हणायची, "हाय, बाई."

मी नवी होते, चिडले. "कुठंय ती?"

"चराईला गेलीय. पन नाव कमी करू नका. येते म्हनलीय."

तेव्हा तो खोडसाळपणा वाटला. खरं तर एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी सुमन मैत्रिणीची जागा धरत होती. गंगू परत आली नाही, तिचं लग्न लागल्याचंच पुढं कळलं. मग सातवीत सुमनचंही लागलं. तिच्यासाठी "हाय" म्हणायला वर्गात कुणी नव्हतं.