छाटणीनंतरचा नकाशा

ड्रोन चार किलोमीटर पुढे गेला होता आणि आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा असतो. स्वतःच्या जागेबद्दल ड्रोनला किती खात्री आहे, हे तो दाखवतो. नव्वदच्या पुढे असला की आम्ही चहा पितो. साठच्या खाली आला की कप खाली ठेवतो. त्या सकाळी तो एकतीसवर आला. मग ड्रोन आहे तिथेच गोल फिरायला लागला. वाट सापडेनाशी झाली की असंच करायचं, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

"साहेब, जीपीएस चालू करू?" पायलट सोमनाथ बोरस्तेने मला विचारलं. त्याची नजर स्क्रीनवरच होती.

जीपीएस चालू केलं की ट्रायल फेल. नाही केलं तर बॅटरी संपून ड्रोन कुणाच्या तरी द्राक्षबागेत पडणार. लष्करातर्फे ट्रायल बघायला आलेले मेजरसाहेब शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. सोमनाथने स्विच दाबला. ड्रोन सरळ माळावर परत आला आणि अगदी नीट उतरला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मेजरसाहेबांनी वहीत एक ओळ लिहिली. दहा दिवसांनी पुन्हा येतो, म्हणाले. संधी दोनच मिळतात, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. आम्हाला ते पाठ होतं.

या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ड्रोनला आपली जागा जीपीएसवरून कळते, तशीच तुमच्या मोबाइललाही. हा सिग्नल आकाशातून येतो आणि फार क्षीण असतो. युद्धात समोरचा पहिलं काम करतो ते हा सिग्नल बुजवण्याचं. त्याला जॅमिंग म्हणतात. जॅमिंग झालं की साधा ड्रोन आंधळा होतो. म्हणून सैन्याला असा ड्रोन हवा असतो, जो जीपीएसशिवाय जाऊन परत येईल. ट्रायलमध्ये खरं जॅमिंग करता येत नाही, आसपासच्या सगळ्यांचे मोबाइल आणि वरून जाणारी विमानं अडचणीत येतात. त्याऐवजी ड्रोनमधलं जीपीएस बंद ठेवतात.

आमच्या ड्रोनच्या पोटाला कॅमेरा आहे. तो खालची जमीन बघत जातो. आधी घेतलेले त्याच भागाचे फोटो त्याच्या मेमरीत असतात. खाली दिसतंय ते आणि मेमरीत आहे ते, दोन्ही जुळवून तो आपली जागा ठरवतो. माणूस ओळखीच्या रस्त्याने घरी येतो तसंच.

ही जुळवणी करणारा कोड प्राजक्ता जाधवने लिहिला होता. वय एकोणतीस. नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली, आधी पुण्यात नोकरी करून परत आलेली. तीन वर्षं ती एवढं एकच काम करत होती. कंपनी छोटी आहे, अंबडच्या एमआयडीसीत. मूळ धंदा द्राक्षबागेवर फवारणी करणाऱ्या ड्रोनचा. मालक इम्रान शेख स्वतः इंजिनिअर. लष्करी विभाग त्यांनी हौसेने काढला होता. त्या विभागात आम्ही चौघं, तेही धरून. माळावरून परतताना गाडीत त्यांनी शांतपणे सांगितलं, की दुसरी ट्रायल गेली तर हा विभाग बंद होईल आणि सगळे फवारणीवर. प्राजक्ता खिडकीबाहेर बघत होती. फवारणीच्या ड्रोनला तिच्या कोडची गरज नसते.

माझं काम फ्लाइट टेस्टचं. म्हणजे कुठे उडवायचं, कधी, कोणत्या उंचीवर, हे ठरवून कागदावर सही करायची. त्याआधी सव्वीस वर्षं मी तोफखान्यात होतो, सर्व्हे विभागात. तोफ नेमकी कुठे उभी आहे आणि लक्ष्य कुठे आहे, हे मोजून देणं आमचं काम. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ऑफिसात माझ्यामागे सगळे अजून सुभेदारच म्हणतात.

पहिले तीन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधलं. कॅमेऱ्याची काच तपासली. मोटरच्या थरथरीमुळे फोटो अस्पष्ट येतात का, ते बघितलं. फोटो स्वच्छ होते. प्राजक्ताने कोडची ओळन् ओळ वाचून काढली. टेबलावर जुने फोटो दिले की कोड अचूक चालायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "सर, चूक माझीच असणार. मला ती दिसत नाहीये, एवढंच." तिच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

चौथ्या दिवशी मी ट्रायलमधले फोटो मोठ्या कागदावर छापून घेतले. जुनी सवय. मला स्क्रीनवर नीट विचार करता येत नाही. एका बाजूला सप्टेंबरचे फोटो, म्हणजे ड्रोनच्या मेमरीत भरलेले. पाऊस चार दिवस उघडला होता तेव्हा आम्हीच ते घेतले होते. दुसऱ्या बाजूला ट्रायलच्या सकाळचे. सगळं टेबल भरलं. गावावरून आणि रस्त्यावरून जाताना आकडा चांगला होता. शेतं सुरू झाली की कोसळत होता.

सोमनाथ डबा घेऊन आला. तो निफाडकडचा. घरी दोन एकर बाग. सकाळी बागेत काम करून दहाला ऑफिसला येतो.

"मॅडम, कागद जरा सरकवा," असं म्हणून त्याने डबा ठेवला आणि फोटोकडे पाहिलं. एका चौकोनावर बोट टेकवलं. "हा तर आमच्या मामांचा प्लॉट. छाटणी उरकली वाटतं त्यांनी."

"कसली छाटणी?" प्राजक्ताने विचारलं.

सोमनाथने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऑक्टोबरची, मॅडम. दुसरी कसली?"

प्राजक्ताला द्राक्षं दिसतात ती फेब्रुवारीत, हातगाडीवर. त्याने तिला डबा न उघडता समजावून सांगितलं. सप्टेंबरात वेल पानांनी भरलेला असतो. वरून बघितलं तर बाग म्हणजे हिरवी चादर. मग फळासाठी छाटणी करतात. पानं जातात, नुसत्या काड्या राहतात आणि ओळींमधली माती उघडी पडते. त्याच सुमारास सोयाबीन निघतं आणि मकाही सोंगून होतो. महिन्याभरात सगळ्या शिवाराचा रंग बदलतो.

ड्रोन हिरवी चादर शोधत होता. खाली माती होती.

"तू तिथलाच ना," मी त्याला म्हणालो. "सप्टेंबरात फोटो घेतले तेव्हा पायलट तूच होतास. बोलला का नाहीस?"

"मला वाटलं कॉम्प्युटरला माहीत आसंल," सोमनाथ म्हणाला. "लय हुशारी भरलीय म्हणता ना त्याच्यात."

"सांगितल्याशिवाय त्याला काहीच माहीत नसतं," प्राजक्ता म्हणाली.

"मग तो आमच्या साडूसारखाच हाय."

ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

सोमनाथला विचारलेला प्रश्न खरं तर मी स्वतःला विचारायला हवा होता. तोफखान्यात आमचे उस्ताद, म्हणजे शिकवणारे हवालदार, पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट डोक्यात भरायचे. मोजणी ज्या खुणेवरून सुरू करायची ती खूण हलणारी नको. झाड धरलं तर झाड तोडलं जातं. देवळाचा कळस धरा, विहीर धरा, पूल धरा. सव्वीस वर्षं मी हेच पाळलं. आणि इथे शेकडो एकर पानं खूण म्हणून धरणाऱ्या कागदावर माझी सही होती. मीही समजून चाललो होतो, की ते कॉम्प्युटर बघून घेईल.

इम्रान सरांना हे सांगितल्यावर त्यांनी सरळ उपाय काढला. उद्या सकाळी पुन्हा उडवायचं, आजचे फोटो मेमरीत भरायचे, ट्रायल पास.

"पास होईल, सर," प्राजक्ता म्हणाली. "मग ते हा ड्रोन बॉर्डरवर नेतील."

इम्रान सर मालेगावचे. वडील यंत्रमागांचे मेकॅनिक होते. "सँपल पास आणि माल फेल, हे मी लहानपणी भरपूर बघितलंय," असं म्हणून त्यांनी विचारलं, "दुसरं काय करता येईल?"

प्राजक्ताचं उत्तर तयार होतं. शेतांकडे ड्रोनने बघायचंच नाही. जे बदलत नाही तेवढंच जुळवायचं. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत वेग आणि दिशेच्या अंदाजाने जायचं. पुढची खूण दिसली की अंदाज दुरुस्त करायचा. कोड ती बदलू शकत होती. पण काय बदलतं आणि काय नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग मी आणि सोमनाथ लाल पेन घेऊन फोटोंवर बसलो. बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर फुली. बागा गेल्या. मका गेला. शेततळ्यावर त्याने फुली मारली, कारण उन्हाळ्यात तळ दिसतो. एक कांदाचाळ मला पक्की वाटत होती. तिचा मालक ती पाडून रस्त्याकडेला बांधणार आहे, ही बातमी त्याच्याकडे होती. गंजी, कडब्याच्या वळया, ग्रीनहाऊसचं प्लास्टिक, सगळ्यावर फुल्या.

"बांध तरी ठेव," मी म्हणालो. "बांध कुठे जातोय?"

"बांध लय हलतो साहेब," सोमनाथ म्हणाला. "दर नांगरटीला नांगराचं एक तास सरकतो. भाऊबंद असले तर दोन."

बांधांवर फुली. उरलं ते असं: रेल्वेलाइन, कालवा, डांबरी रस्ते, पूल, विहिरी, देवळं आणि पक्क्या घरांची छतं. कागदावर हे फारच थोडं दिसत होतं. प्राजक्ता म्हणाली, पुरेल. पाच दिवसांत तिने नवा कोड चालवून दाखवला.

दहाव्या दिवशी मेजरसाहेब आले. माळावर फक्कीचा पांढरा गोल आखलेला होता, ड्रोनने परत येऊन त्यात उतरायचं होतं. आल्याबरोबर त्यांनी मार्ग बदलला. त्याच पट्ट्यात, पण उलट दिशेने न्या, म्हणाले. ते बरोबरच होतं. शत्रू सोयीची दिशा देत नाही.

ड्रोन गेला. गाव ओलांडलं, आकडा त्र्याण्णव. रेल्वेलाइन, शहाण्णव. तिथून कालव्यापर्यंत नुसत्या बागा. एकही पक्की खूण नाही. आकडा उतरू लागला. ऐंशी. सदुसष्ट. बावन्न. नव्या कोडमध्ये चाळीसच्या खाली गेला की ड्रोन गोल फिरणार होता आणि सगळं संपणार होतं.

सत्तेचाळीसवर सोमनाथचा हात जीपीएसच्या स्विचकडे गेला. पायलटचा हात जातोच.

"हात काढा, सोमनाथभाऊ," प्राजक्ता हळू आवाजात म्हणाली. "कालवा यायचाय."

त्याने हात काढून खिशात घातला. चव्वेचाळीस. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक राखाडी रेघ आली. ड्रोनने ती ओळखली. आकडा एकदम एक्क्याण्णववर गेला. प्राजक्ताने श्वास सोडला तो मला ऐकू आला. परतीच्या वाटेवर आकडा पुन्हा उतरला आणि पुन्हा चढला. ड्रोन गोलात उतरला. कडेपासून आतलं अंतर मी पावलांनी मोजलं. तीन पावलं.

मेजरसाहेब हरियाणाच्या शेतकरी घरातले निघाले. बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देतो.

"आमच्याकडे एप्रिलमध्ये गहू निघतो," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत मुलूख ओळखू येत नाही. तेव्हा हा काय करेल?"

"गव्हाकडे तो बघतच नाही, सर," प्राजक्ता म्हणाली.

त्यांनी फुल्या मारलेले कागद मागितले. बराच वेळ चाळत राहिले. मग सोमनाथला विचारलं, "तुम्ही पायलट की शेतकरी?"

"दहापर्यंत शेतकरी, साहेब. दहानंतर पायलट."

या वेळी वहीत दोन ओळी लिहिल्या गेल्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ऑर्डर नव्हे. पुढच्या टप्प्यासाठी निवड, ट्रायल सीमेजवळच्या भागात. आमच्या धंद्यात हीच मोठी बातमी असते. इम्रान सरांनी पेढे आणले. लष्करी विभाग चालू राहिला. प्राजक्ताला एक मदतनीस इंजिनिअर मिळाली.

कॉलनीत लोक मला विचारतात, आता लढाया मशीनच लढणार का, जवानांचं काय होणार. पुढच्या वीस वर्षांचं मला सांगता येणार नाही. मी त्यांना छाटणीची गोष्ट सांगतो.

आमच्या फ्लाइट टेस्टच्या फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढला आहे: खालच्या जमिनीवर सध्या काय आहे आणि ते केव्हा निघणार. तो सोमनाथने भरायचा. त्याच्या सहीशिवाय मी माझी सही करत नाही. गेल्या आठवड्यात सीमेवरच्या ट्रायलचा फॉर्म त्याच्याकडे गेला. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा रकान्यात लिहिलं होतं: "माहीत नाही. तिथल्या शेतकऱ्याला विचारणे."

मी सही केली. मेजरसाहेबांनी तिथल्या तीन शेतकऱ्यांचे फोन नंबर पाठवले आहेत.