वीतभर ओरखडा

काचबाईंच्या सुनेनं लग्नानंतर दोनच महिन्यांत सासूच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा अख्ख्या कारखान्यानं कान टवकारले. आता घरीही सासू-सून आणि कामावरही सासू-सून. भांड्याला भांडं लागणारच! पॅकिंगवाल्यांनी तर पैजा लावल्या होत्या, ठिणगी आठवड्यात पडते की पंधरवड्यात.

ठिणगी काही पडली नाही. काचबाई पस्तीस वर्षं काच कापत होत्या. त्यांची रेघ अशी सरळ, की पट्टीनं त्यांच्याकडून शिकावं. सूनबाई शिकलेली. ती तपासणीच्या खोलीत बसून कुठली काच किती ताण सोसेल, काचेतली चीर किती ताणाला पळत सुटेल, याची गणितं मांडायची. दुपारी दोघी एका डब्यातून जेवायच्या आणि बाकीच्यांची उणीदुणी काढायच्या. पैजा लावणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

कारखान्याचा एक कडक नियम होता. तपासणीत नापास झालेली काच ज्याची असेल, त्यानंच ती हातोडीनं फोडायची. कुणी हळहळलं की काचबाई म्हणायच्या, "फोड की रे. लेक सासरी चाललीय का तुझी?" स्वतःवर मात्र ही वेळ त्यांनी एकदाही येऊ दिली नव्हती, आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी सांगायच्या.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना त्यांच्याकडे शेवटचं मोठं काम आलं. मुलांच्या दवाखान्यासाठी माशांची टाकी. पुढची काच माणसाहून लांब आणि बोटभर जाड. काचबाईंनी ती कापली, कडा घासल्या, आरशासारखी पुसली. मग उचलताना, सुनेशी गप्पांच्या नादात, काचेला चिकटवून ती उचलायचे रबरी कप पुसायचे राहून गेले. एका कपाखाली वाळूचा कण होता. कप सरकला, कर्र आवाज झाला आणि काचेवर वीतभर ओरखडा उमटला.

सूनबाई खाली मान घालून खोलीत गेली आणि गणित मांडून बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच काचबाई काय ते समजल्या.

"पाणी भरलं की काचेवर सात ताण येणार, आई. आणि एवढी चीर दीडलाच पळेल."

"सात काय? किलो?"

"मेगापास्कल."

"हा पास्कल तुझ्या माहेरचा दिसतो. आपल्या घरचा असता तर जरा सांभाळून घेतलं असतं." काचबाई हसायला गेल्या, पण हसू जमेना. त्यांना फार वाईट वाटलं. पस्तीस वर्षांचा तोरा, आणि शेवटी हे! तरी नियम म्हणजे नियम. त्या स्वतःच हातोडी घेऊन आल्या.

काचेपुढे मात्र त्यांचा हात थबकला. त्यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकेचना.

"सूनबाई, गणितात आकडा कुठला घातलास?"

"ओरखड्याची लांबी. वीतभर."

"वीतभर लांब आहे गं, पण खोल किती? हा आरपार थोडाच गेलाय? वरवरचा ओरखडा लांब असला म्हणून काच फुटत नाही. तो आत किती उतरलाय, त्यावर सगळं."

सूनबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर ती आरपार तडकलेल्या काचांचीच गणितं करत होती. हात त्याच वळणावर गेला होता. ती सूक्ष्मदर्शक घेऊन पळत आली. आधी काचेचा पृष्ठभाग स्पष्ट करून घेतला, मग ओरखड्याचा तळ, आणि भिंग मधे किती सरकलं ते मोजलं. खोली निघाली अर्ध्या केसाएवढी. चीर जितकी लहान तितका तिला पळवायला ताण जास्त लागतो. नवा आकडा आला साठ.

"साठ, आई! दीडच्या जागी साठ!"

सूनबाईला आनंदानं रडू फुटायचंच बाकी होतं. काचबाईंनी गुपचूप मान डोलावली असती तर काम तिथंच फत्ते होतं. पण त्यांना राहवेना.

"थांब. हे साठ कोरड्या काचेचे ना? मी कापताना रेघेवर ओलं बोट फिरवते ते काय हौस म्हणून? ओली काच लवकर तुटते. तुझ्या टाकीत तर जन्मभर पाणी राहणार."

सूनबाईचं हसू मावळलं. बाई खरं बोलत होत्या. सतत पाण्यात राहणाऱ्या काचेच्या ताकदीचा चौथा हिस्साच धरायचा असतो. आणि नियमानं काचेनं येणाऱ्या ताणाच्या निदान दुप्पट सोसायला हवं. तिनं पुन्हा भागाकार केला. काचबाई हातोडीचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या.

"पंधरा," सूनबाई म्हणाली.

"आणि लागतात किती?"

"चौदा."

काचबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि मोठ्यांदा हसू लागल्या. "काठावर पास," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या नवऱ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी!" मग त्यांनी वही ओढून स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ओरखडा माझ्या हातून पडला.' सूनबाईनं त्याखाली दीड, साठ, पंधरा हे तिन्ही आकडे लिहिले, चुकलेलासुद्धा, आणि सही केली.

टाकी जोडली. पाणी भरायचा दिवस आला. पहिला तासभर सगळ्यांनी दहा पावलं लांब राहायचं, असं मुकादमांनी बजावलं होतं. पाणी गळ्याइतकं चढलं, काठाला लागलं. सगळे श्वास रोखून लांब उभे. तेवढ्यात सूनबाईनं एक स्टूल उचललं, नेऊन बरोबर त्या ओरखड्यापुढे ठेवलं, आणि काचेला पाठ टेकून ती डबा उघडून बसली.

"अहो बाई, मागे या," मुकादम ओरडले. "काच फुटली म्हणजे?"

काचबाईंचे डोळे भरून आले होते. त्या सरळ सुनेकडे चालत गेल्या.

"फुटली तर दोघी भिजू," त्या म्हणाल्या. "सरक गं जरा."