आमुंड स्कारची रायफल आणि ड्यूईची फळी

शिकारीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना कंठ फुटतो. एरवी गवत, गुडघे आणि सरकार यांपलीकडे न बोलणारी माणसं पशुखाद्याच्या दुकानात शेगडीभोवती बसतात आणि पहिल्या एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला नेलेल्या आपापल्या रायफलीचे गोडवे गातात. प्रत्येकाची रायफल नेम न चुकणारी आणि प्रत्येकाचा एल्क दरवर्षी थोडा वाढत जाणारा. यंदा तर एकाच्या एल्कची शिंगं धान्याच्या कोठाराच्या दारातूनही आत जाणार नाहीत, इथवर मजल गेली. या सगळ्यांत ऑरिन टीग शेंगा सोलत गप्प बसलेला असतो. फार आग्रह झाला तर म्हणतो, "माझ्या रायफलीनं पहिल्या शिकारीत काही मारलं नाही. उलट तिलाच कुणीतरी खाल्लं."

ती रायफल त्याच्या स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली आहे. नळीकडून पाहिलं तर चांगली खानदानी दिसते. मागे मात्र खांद्याला टेकणाऱ्या अक्रोडाच्या दस्त्याच्या जागी पाइनची एक जाड फळी आहे, कुंपणाच्या तारेनं करकचून आवळलेली, आणि तिच्या टोकाला सुबक अर्धगोल खाच आहे. नवा माणूस खाचेवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "ही खास खांद्यासाठी का?" ऑरिन म्हणतो, "नाही. पण बोट धुऊन घे."

ऑरिन हा न्हाव्याचा मुलगा. बापाचं दुकान त्यानंच चालवायचं ठरलं होतं, पण देवानं त्याला जन्मजात एक खोड दिली. जरा घाबरला की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. साधासुधा घाम नव्हे, अगदी टपटप. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी कात्री सटकली आणि बँकेच्या मॅनेजरच्या कानाची पाळी थोडी कमी झाली. बाप म्हणाला, "पोरा, तू लोकांपासून लांब राहशील असं काहीतरी काम बघ." मग ऑरिन किराणा दुकानात बटाट्याची पोती उचलू लागला. बटाट्यांची काही तक्रार नव्हती.

त्याच दुकानात सिग्ने स्कार यायची. ही पोरगी दारातून आत येतानाच अर्धं वाक्य बोलून झालेली असायची. तिचं बोलणं म्हणजे ओढ्याला पूर. ऑरिनला उत्तर द्यावंच लागायचं नाही, त्यामुळे तिच्यासमोर त्याचे हात कोरडे राहायचे. हात कोरडे राहतात ती मुलगी आपली, एवढाच त्याचा हिशेब होता, आणि माझ्या मते तो हिशेब चोख होता. दोघांनी लग्न ठरवलं. पार समुद्राकाठी विमानांच्या कारखान्यात ऑरिनच्या मावसभावानं त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. नाताळच्या आत तिकडे जायचं, हेही ठरलं. राहिलं होतं ते फक्त तिच्या बापाला विचारायचं.

तिचा नॉर्वेकडचा बाप आमुंड स्कार लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. बायको बॉर्गहिल वारल्यापासून त्यानं बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. गावात दोन मतं होती. काही म्हणत, तो दुःखात आहे. काही म्हणत, करवतीच्या आवाजानं बहिरा झालाय आणि त्याला अजून कळलेलं नाही.

सिग्ने म्हणाली, "घरात विचारशील तर बाबा नुसते करवतीकडे बघतील. जंगलात ते जरा मऊ असतात. तू एल्कच्या शिकारीला त्यांच्याबरोबर जा. तिथे विचार."

"मी आयुष्यात उंदीर मारलेला नाही, सिग्ने."

"मग उंदराबद्दल विचारू नकोस. माझ्याबद्दल विचार."

आणि असा ऑरिन डोंगरावरच्या तंबूत जाऊन पोचला. तिसरा गडी होता ड्यूई प्रुइट, आमुंडचा जुना सोबती आणि तंबूचा आचारी. ड्यूईचा जीव दोन गोष्टींत होता. एक त्याचा बीन्सचा हंडा आणि दुसरी त्याची फळी. दरवर्षी तो घरून तीच पाइनची फळी आणायचा, मधोमध गोल भोक पाडलेली, पॉलिश कागदानं घासघासून लोण्यासारखी मऊ केलेली. झाडांच्या मागे दोन ओंडक्यांवर ती ठेवली की आमच्या डोंगरातला सर्वांत उत्तम संडास तयार होई. "बर्फात राजासारखं बसायचं असेल तर माझ्याबरोबर या," तो सांगत सुटायचा.

त्या वर्षी आमुंडचा गुडघा सुजला होता. पहिल्या सकाळी त्यानं आपली रायफल, आज ऑरिनच्या दारावर आहे तीच, त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "पाडू नकोस." एवढंच. ड्यूई मागून कुजबुजला, "पोरा, ही रायफल तो मलासुद्धा पुसायला देत नाही. काय जादू केलीस?" झालं, ऑरिनच्या हातांना घाम फुटला. दिवसभर तो ती रायफल छातीशी धरून बर्फात हिंडला. एल्क दिसला नाही आणि लग्नाचा विषयही घशाबाहेर आला नाही. संध्याकाळपर्यंत दस्त्यावर घामाचं मीठ असं बसलं होतं की खारवलेल्या मांसालाही लाज वाटावी.

आता आमच्याकडे एक रीत आहे. रायफल रात्री तंबूत आणायची नाही. शेगडीच्या उबेत तिला दव सुटतं आणि सकाळी बाहेर नेली की आतल्या आत गोठते. ती बाहेरच झाडाला टेकवून ठेवायची. ऑरिननं ठेवली. आणि मिठासाठी जीव टाकणारं एक जनावर त्याच झाडावर राहत होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

उजाडायच्या आधी चूल पेटवायला ऑरिन बाहेर आला, तेव्हा रायफल बर्फात आडवी पडली होती. तिचा दस्ता नव्हता. म्हणजे चापाजवळ मुठीएवढा होता, कुरतडलेला, आणि त्याखाली भुश्याचा ढीग. वर फांदीवर, कारण आमच्याकडची साळिंदरं झाडावर चढतात, एक गलेलठ्ठ साळिंदर बसलं होतं, पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखं.

ऑरिननं मनात हिशेब मांडला. सिग्ने गेली, लग्न गेलं, समुद्र गेला. शहाण्या माणसानं तिथल्या तिथे आमुंडला उठवून खरं सांगितलं असतं. पण बापाच्या दुकानातही त्यानं कानाची पाळी चिकटवून बघायचा प्रयत्न केला होता, हे मी सांगायचं विसरलो. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोरडं, जाड, सरळ लाकूड त्या सबंध डोंगरात एकच होतं. त्यानं करवत घेतली आणि ड्यूईची फळी बरोबर भोकाच्या मधोमध कापली. मग तार घेतली, अर्धी फळी रायफलीला आवळली आणि वरून टॉवेल गुंडाळला. खांद्याला लावून पाहिली. भोकाचा अर्धगोल खांद्यावर असा फिट्ट बसला की क्षणभर त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

कॉफी पिऊन ऑरिन आणि आमुंड कुरणाच्या कडेला एका ओंडक्यावर जाऊन बसले. ड्यूई तंबूत बीन्स ढवळत राहिला. आमुंडनं टॉवेलकडे पाहिलं, पण बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाचा हा एक मोठा फायदा. ऑरिन मनात शब्द जुळवत होता. मिस्टर स्कार, मी आणि सिग्ने. मिस्टर स्कार, सिग्ने आणि मी. इतक्यात समोरच्या झाडीतून एल्क बाहेर आला. दांडगा नर, डोक्यावर शिंगांचं अख्खं झाड. तो उघड्यावर आडवा उभा राहिला, फोटो काढून घ्यायला उभा राहावा तसा.

"मार," आमुंड कुजबुजला.

ऑरिननं रायफल उचलली.

"टॉवेल काढ."

"थंडी आहे, मिस्टर स्कार."

"रायफलीला?" आमुंडनं हात लांब करून टॉवेल ओढला.

आमुंडनं फळी पाहिली, तार पाहिली. मग ती अर्धगोल खाच पाहिली आणि ती त्यानं ओळखली, कारण पंधरा हिवाळे तो तिच्यावर बसला होता. एल्क अजून उभाच होता. त्यालाही पुढे काय होतं याची उत्सुकता असावी. इतक्यात तंबूकडून ड्यूईची किंकाळी आली, "माझी फळी! अरे, कुणी चांडाळानं माझी फळी कापली!" एल्क दचकला आणि दोन उड्यांत झाडीत गेला.

"दस्ता?" आमुंडनं विचारलं.

"साळिंदर," ऑरिन म्हणाला. त्याच्या बोटांवरून घाम बर्फात ठिबकत होता.

आमुंड उठला, लंगडत तंबूपाशी आला आणि कुऱ्हाड घेऊन थेट त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. ड्यूई विजार सावरत मागून धावला.

"आमुंड, नाही! साळिंदर मारायचं नाही!"

हीही आमच्याकडची रीतच. वाट चुकलेल्या, हातात काही नसलेल्या उपाशी माणसाला नुसत्या काठीनं मारता येईल असं रानात हे एकच जनावर आहे. त्याच्यासाठी ते राखून ठेवायचं. धडधाकट माणसानं रागाच्या भरात साळिंदर मारलं तर पुन्हा कुणी त्याच्या शेजारी तंबू ठोकत नाही.

"तू वाट चुकलायस का?" ड्यूईनं विचारलं.

"नाही."

"उपाशी आहेस?"

"नाही."

"मग कुऱ्हाड ठेव. आणि माझ्या फळीचं काय ते बघू."

आमुंडनं कुऱ्हाड ठेवली. एक बादली उपडी घातली, तिच्यावर बसला, वर पाहिलं आणि बोलायला लागला. सुरुवात नॉर्वेजियन शिव्यांनी झाली, मग सगळ्यांना कळेल अशा शिव्या आल्या. मेल्या, एवढं रान पडलंय, झाडांच्या साली खा, फांद्या खा, ड्यूईचे बीन्स खा! ड्यूईनं यावर हरकत घेतली, पण आमुंडचं लक्षच नव्हतं. बायको गेल्यापासूनचं सगळं बोलणं त्यानं जणू साठवून ठेवलं होतं आणि आता ते साळिंदराच्या डोक्यावर ओतत होता. तिकडे एल्कचा अख्खा कळप सावकाश कुरण ओलांडून गेला. शिकारीचे हे दिवस डोंगरावर सोन्यासारखे मानले जातात, आणि तीन माणसं एका साळिंदराभोवती उभी होती.

दुपारी ऑरिन कॉफीचा कप घेऊन गेला आणि बादलीच्या मागेच थबकला. आमुंडचा आवाज उतरला होता.

"तो दस्ता मी लग्नाच्या हिवाळ्यात केला," तो साळिंदराला सांगत होता. "तेल बॉर्गहिल लावायची. दर रविवारी. मी म्हणायचो, राहू दे, मी करतो. तर म्हणायची, तू नेम धरशील तेव्हा तुझा गाल माझ्या हातावर टेकेल. असलं काहीबाही बोलायची. घरात बोलायचं काम तिचंच होतं. मी ऐकायचो. मला वाटायचं, माझं चाललंय बरं. ती गेली आणि सिग्ने बोलायला लागली. आता तो न्हाव्याचा पोरगा तिला समुद्राकडे नेणार, विमानांच्या कारखान्यात. मला कुणी सांगितलेलं नाही. पण पोरगी तीन महिने समुद्राची नि विमानांची चित्रं बघतेय, मला काय डोळे नाहीत? चांगला आहे पोरगा. घाम फार येतो. पोरगी गेली की घरात नुसता घड्याळाचा आवाज. आणि तू, गाढवा, माझा दस्ता खाल्लास."

आजवर ऑरिन या माणसाला घाबरत आला होता आणि हा माणूस त्यालाच घाबरत होता. कप कोरड्या हातांत धरलेला होता, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. तो पुढे होऊन म्हणाला, "मिस्टर स्कार, मला सिग्नेशी लग्न करायचंय."

आमुंड वर बघतच राहिला. "आणि कारखाना?" त्यानं साळिंदरालाच विचारलं.

"कसला कारखाना?" ऑरिन म्हणाला.

सिग्ने यावर पुढे आठवडाभर तणतणली, एका साळिंदरासाठी माझा समुद्र सोडलास म्हणून. पण ते नंतरचं. त्या घटकेला आमुंडनं कॉफी घेतली. वर साळिंदर डोकं पोटात घालून ढाराढूर झोपलं होतं. आमुंड बादलीवर सरकला आणि त्यानं बाजूला जागा केली.

"हा झोपला," तो म्हणाला. "बस. उरलेलं तुला सांगतो."